सेकंडरी अँटीबॉडी मागवण्याआधी एक कागद घ्या

कॉन्फोकल (लेझरने चमकते रंग पाहणाऱ्या) मायक्रोस्कोपची खोली सांभाळणं हे माझं काम. पुण्यातल्या आणि बाहेरगावच्या प्रयोगशाळांमधली मुलं स्लाइडी घेऊन येतात, पडद्यावर हिरवं-लाल काहीतरी उमटतं आणि लगेच प्रश्न येतो, "मॅडम, हा खरा सिग्नल आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सेकंडरी अँटीबॉडी निवडली त्याच दिवशी ठरलेलं असतं. प्रायमरीसाठी लोक महिनाभर पेपर चाळतात. सेकंडरी मात्र शेजारच्या लॅबच्या फ्रीजमध्ये जी सापडेल ती घेतात. तुम्ही असं करू नका. रंगांची आणि प्राण्यांची मांडणी आधी कागदावर करा आणि मगच दोन्ही मागवा. एका व्हायलला कित्येक हजार रुपये पडतात, परदेशातून यायला कधी कधी महिना-दोन महिने जातात, आणि फेलोशिपची मुदत कुणासाठी थांबत नाही.

तत्त्व थोडक्यात सांगते. प्रायमरी अँटीबॉडी ससा, उंदीर अशा एखाद्या प्राण्यात बनवलेली असते आणि तुमच्या प्रथिनाला चिकटते, सेकंडरी त्या प्रायमरीला चिकटते, आणि चमकणारा रंग सेकंडरीवर असतो. १९४१ साली हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी अँटीबॉडीला थेट रंग जोडून दाखवला. पुढे १९५४ मध्ये थॉमस वेलर आणि कून्स यांनी कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूंवर काम करताना ही दोन टप्प्यांची पद्धत वापरली. तिचा फायदा असा की एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात, म्हणून प्रकाश वाढतो. शिवाय सशातल्या कितीही वेगवेगळ्या प्रायमरी असल्या तरी एकच अँटी-रॅबिट व्हायल पुरते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणारी एएनएची (शरीराच्या स्वतःच्याच पेशीकेंद्रकांविरुद्धच्या अँटीबॉडींची) इम्युनोफ्लुरोसन्स चाचणीही अशीच चालते. तिथे रुग्णाचा सीरम प्रायमरीचं काम करतो आणि मानवी आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार) ओळखणारी रंगीत अँटीबॉडी सेकंडरीचं.

पण यातच धोकाही आहे. अँटी-रॅबिट सेकंडरीला तुमचं प्रथिन काय ते माहीत नसतं. सशाचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडी, जिथे दिसेल तिथे ती बसणार, आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसऱ्या प्राण्याचं काही भेटलं तर तिथेही थोडी बसणार. पुढे सांगितलेली सगळी काळजी याच एका गोष्टीसाठी आहे.

व्हायलवरचं नाव शब्दाशब्दाने वाचा

समजा लेबलवर लिहिलंय: गोट अँटी-रॅबिट आयजीजी, एच प्लस एल, हायली क्रॉस-अॅडसॉर्ब्ड, अलेक्सा फ्लुअर ४८८. 'गोट' म्हणजे ही अँटीबॉडी शेळीत तयार झाली. 'अँटी-रॅबिट' म्हणजे ती सशाची प्रायमरी ओळखते. शेवटचं 'अलेक्सा फ्लुअर ४८८' हे रंगाचं नाव; ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशात तो हिरवा चमकतो. नवी मुलं यातले दोन प्राणी उलटे वाचतात, म्हणून मी त्यांना लेबल मोठ्याने वाचायला लावते.

'एच प्लस एल' म्हणजे जड आणि हलकी अशा दोन्ही साखळ्यांना ती चिकटते. हलक्या साखळ्या आयजीजी आणि आयजीएम (अँटीबॉडीचा दुसरा एक प्रकार) दोघांतही त्याच असतात, त्यामुळे अशी सेकंडरी आयजीएमलाही थोडीफार धरते. तुमची एक प्रायमरी उंदराची आयजीजी आणि दुसरी उंदराचीच आयजीएम असेल, तर एच प्लस एल चालणार नाही. एकीसाठी गॅमा (आयजीजीची जड) साखळीपुरती आणि दुसरीसाठी म्यू (आयजीएमची जड) साखळीपुरती सेकंडरी शोधावी लागेल. उंदराच्या दोन मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेल्या, सगळ्या एकसारख्या अँटीबॉडी) एकत्र वापरायच्याच असतील तर त्यांचे उपप्रकार पाहा. एक आयजीजी-१ आणि दुसरी आयजीजी-२ए असेल तर त्या त्या उपप्रकारापुरत्या सेकंडरी मिळतात आणि काम निघतं. दोन्ही आयजीजी-१ असतील तर त्यातली एक सशाची शोधणं हेच स्वस्त पडतं.

'हायली क्रॉस-अॅडसॉर्ब्ड' या शब्दांसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागतात, आणि दोन-तीन रंगांच्या कामात ते मोजायलाच हवेत. कंपनी ही अँटीबॉडी उंदीर, माणूस, गाय वगैरे इतर प्राण्यांची प्रथिनं जोडलेल्या स्तंभांतून पाठवते; जे रेणू परक्या प्राण्यांना चिकटतात ते तिथेच अडकून राहतात आणि उरलेले व्हायलमध्ये येतात. कोणकोणत्या प्राण्यांविरुद्ध हे केलंय त्याची यादी माहितीपत्रकात असते. ती यादी तुमच्या प्रयोगाशी ताडून पाहा. माऊस (ज्याला मी इथे उंदीर म्हणते) आणि रॅट जवळचे भाऊबंद आहेत, त्यामुळे दोघांच्या प्रायमरी एकाच कव्हरस्लिपवर, म्हणजे पेशी चिकटलेल्या पातळ काचेवर, असतील तर अँटी-माऊस सेकंडरी रॅटविरुद्ध गाळलेली आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाळण्यात थोडी ताकद कमी होते हे खरं. एकाच रंगाचं, पेशी-कल्चरवरचं साधं काम असेल तर न गाळलेली सेकंडरीही चालते.

तक्ता कसा मांडायचा

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. हेला पेशींमध्ये मायक्रोट्यूब्यूल आणि मायटोकॉन्ड्रिया एकत्र पाहायचे आहेत, सोबत केंद्रक. (या पेशी १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या वापरणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.) मायक्रोट्यूब्यूलचे धागे बनवणाऱ्या अल्फा-ट्यूब्युलिनसाठी डीएम१ए ही प्रसिद्ध मोनोक्लोनल आहे: उंदराची, आयजीजी-१. मायटोकॉन्ड्रियासाठी त्यांच्या बाहेरच्या पडद्यातल्या टॉम-२० या प्रथिनाविरुद्धची सशाची पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण) घेऊ. केंद्रकाला डॅपी हा डीएनएला चिकटणारा निळा रंग.

कागदावर चार रकाने आखा: प्रथिन, प्रायमरीचा प्राणी, सेकंडरी, रंग. पहिल्या ओळीत ट्यूब्युलिन, उंदीर, गोट अँटी-माऊस. दुसऱ्या ओळीत टॉम-२०, ससा, गोट अँटी-रॅबिट. दोन्ही सेकंडरी शेळीतल्या आहेत, म्हणून त्या एकमेकींना ओळखणार नाहीत आणि एकाच थेंबात मिसळता येतील. ब्लॉकिंगसाठी शेळीचा नॉर्मल सीरम. त्यातली शेळीची इम्युनोग्लोब्युलिनं पेशींवरच्या चिकट जागा आधीच व्यापतात, आणि आपल्या दोन्ही सेकंडरी शेळीला शोधत नसल्याने तिकडे फिरकत नाहीत.

आता टॉम-२० ची प्रायमरी सशाऐवजी शेळीतली मिळाली असं समजा. तिला ओळखायला डाँकी अँटी-गोट लागणार. ती जर गोट अँटी-माऊसच्या शेजारी टाकली तर गाढवातली अँटीबॉडी शेळीतल्या सेकंडरीलाही धरणार आणि ट्यूब्युलिनच्या धाग्यांवर दोन्ही रंग चढणार. चित्र इतकं सुंदर दिसतं की दोन्ही प्रथिनं एकाच जागी आहेत असा निष्कर्ष कुणीही काढेल. यावर उपाय सोपा आहे: शेळीतली प्रायमरी आली की सगळ्या सेकंडरी गाढवातल्या घ्या आणि ब्लॉकिंगही गाढवाच्या सीरमने करा. शेळी, मेंढी आणि गाय या तिघींची इम्युनोग्लोब्युलिनं एकमेकींशी मिळतीजुळती असतात. म्हणून अँटी-गोट वापरताना दूध पावडर किंवा साधं बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) टाळा. त्यांत गाईचं आयजीजी असतं आणि तुमची महागडी सेकंडरी तिथेच खर्ची पडते.

उंदराच्याच ऊतींवर काम करत असाल तर उंदरातली प्रायमरी शक्यतो घेऊ नका. ऊतीत उंदराचं स्वतःचं आयजीजी भरलेलं असतं आणि अँटी-माऊस सेकंडरी ते सगळं उजळून टाकते. दुसरा पर्यायच नसेल तर आधी अँटी-माऊसच्या एकभुजी फॅब तुकड्यांनी ते झाकावं लागतं. प्लीहा किंवा मॅक्रोफेजसारख्या अँटीबॉडीची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर भरपूर असलेल्या पेशींसाठी शेपटी कापलेल्या, म्हणजे एफ-एबी-टू प्रकारच्या सेकंडरी मिळतात.

रंग तुमच्या मायक्रोस्कोपला विचारून ठरवा

तक्त्यातला चौथा रकाना भरण्याआधी, ज्या यंत्रावर स्लाइड बघणार त्याच्या चालकाला फोन करा. मला असे फोन आलेले आवडतात.

कॉन्फोकलवर सहसा ४०५, ४८८, ५६१ आणि ६४० नॅनोमीटरच्या आसपास अशा लेझर रेषा असतात. त्यांना जुळणारी नेहमीची रांग म्हणजे डॅपी, अलेक्सा ४८८, अलेक्सा ५५५ किंवा ५६८ आणि अलेक्सा ६४७. कॉलेजातल्या मर्क्युरी दिव्याच्या साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर हिशेब वेगळा. त्या दिव्याचा प्रकाश ३६५, ४३६, ५४६ आणि ५७९ नॅनोमीटरला जोरदार असतो. ६४० च्या भागात तो फार कमी. तिथे साय-३ किंवा अलेक्सा ५५५ झकास दिसतात आणि ६४७ निराशा करतो. शिवाय ६४७ चा प्रकाश ६६५ नॅनोमीटरच्या पुढे येतो, तिथे आपल्या डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही. आयपीसमधून काळं दिसलं म्हणून चांगल्या स्लाइडी फेकून देणारी मुलं मी पाहिली आहेत. हा रंग कॅमेऱ्याने किंवा डिटेक्टरनेच बघायचा.

एफआयटीसी हा जुना हिरवा रंग स्वस्त आहे आणि अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. पण तो लवकर विझतो आणि बफर आम्लाकडे झुकला की मंदावतो. मी तरी ४८८ च्या जागी आता अलेक्सा किंवा त्या तोडीचाच रंग सुचवते.

कुठलं प्रथिन कुठल्या रंगात, याचा माझा नियम असा: जे कमी आहे त्याला सगळ्यात उजळ आणि स्वच्छ चॅनल. ट्यूब्युलिन पेशीत भरपूर असतं, ते कुठल्याही रंगात दिसेल. ऊतींमध्ये हिरव्या चॅनलला स्वयंप्रकाशाचा त्रास असतो, लिपोफ्युसिन (वयाबरोबर पेशींत साठणारं रंगद्रव्य) आणि लाल रक्तपेशी तिथे आपोआप चमकतात. म्हणून ऊतीतलं दुर्मीळ प्रथिन ६४७ मध्ये टाकावं. पेशींत आधीच जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल तर ४८८ ची जागा भरलेली आहे हे विसरू नका.

आणि शेजारच्या चॅनलमध्ये होणारी गळती. ४८८ चा प्रकाश ५२० ला शिखर गाठतो पण त्याची शेपटी पार ६०० पर्यंत पसरते. शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली की आपल्याकडे खोकला सुरू होतो, तसं हिरवं फार उजळ असलं की ५५५ च्या चॅनलमध्ये त्याची सावली येते. उजळ ट्यूब्युलिन हिरव्यात आणि मंद टॉम-२० लालमध्ये ठेवलं तर ही सावली नक्की दिसणार. आपल्या उदाहरणात मी टॉम-२० ला ४८८ आणि ट्यूब्युलिनला ६४७ देईन. मधली जागा रिकामी ठेवली की गळतीचा प्रश्नच उरत नाही. ५६८ आणि ५९४ मात्र एकाच स्लाइडवर कधीही नको.

कव्हरस्लिप हातात घेतल्यावर

कव्हरस्लिप नंबर १.५ ची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची घ्या. चांगली ऑब्जेक्टिव्ह भिंगं तिच्यासाठीच बनलेली असतात. फिक्सेशन, म्हणजे पेशी आहेत तशा पक्क्या करणं, ४ टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्माल्डिहाइड), फ्यूम हूडखाली, १५ मिनिटं. पीबीएस या फॉस्फेट बफरने धुऊन ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड १० मिनिटं, म्हणजे उरलेले अल्डिहाइड गट शांत होतात. पेशींच्या पडद्याला भोकं पाडायला ०.१ टक्के ट्रायटन १० मिनिटं. मग ५ टक्के शेळीचा सीरम आणि १ टक्का बीएसए घातलेल्या पीबीएसमध्ये तासभर ब्लॉकिंग. (इथे अँटी-गोट नाही, म्हणून बीएसए चालतं.) प्रायमरी रात्रभर ४ अंशांवर. हे सगळं तुमच्या प्रोटोकॉलप्रमाणे थोडं बदलेल, त्यात अडकत नाही.

सेकंडरीच्या पायरीवर थांबून सांगते. व्हायल फ्रीजमधून काढली की आधी सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीवर, ४ अंशांना, १० मिनिटं फिरवा. साठवणीत अँटीबॉडीच्या गुठळ्या होतात आणि त्याच पुढे सगळीकडे विखुरलेल्या चमकत्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. पिपेटचं टोक तळाला न लावता वरचं द्रव घ्या.

आता हिशेब. बहुतेक सेकंडरी मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असतात. १:५०० पातळ केलं की मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम होतं, आणि सुरुवातीला हे प्रमाण बरं. १२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपला ५० मायक्रोलिटरचा थेंब पुरतो. बारा कव्हरस्लिपांना ६०० मायक्रोलिटर, सांडलवंड धरून ६५० करा. त्यात प्रत्येक सेकंडरी १.३ मायक्रोलिटर जाईल. एकेका कव्हरस्लिपसाठी वेगळं ०.१ मायक्रोलिटर मोजायला कुठलीच पिपेट विश्वासाची नाही, म्हणून सगळ्यांचं एकत्र बनवा. तुमची सेकंडरी भुकटीच्या रूपात आली असेल आणि पाणी घातल्यावर तुम्ही तेवढंच ग्लिसरॉल मिसळून उणे २० ला ठेवली असेल, तर तिची ताकद निम्मी झाली आहे. १:५०० चं आता १:२५० करायचं. ही गोष्ट व्हायलवर मार्करने लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी ती व्हायल दुसरंच कुणी वापरणार असतं.

पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू पेपर, त्यावर पॅराफिल्मचा तुकडा. पॅराफिल्मवर थेंब ठेवा. चिमट्याने कव्हरस्लिप उचला, तिची कड टिश्यूला हलकेच टेकवून जास्तीचं पाणी टिपा, आणि पेशींची बाजू खाली करून एका कडेने सावकाश थेंबावर टेकवा. द्रव आपोआप पसरतं, बुडबुडा राहत नाही. डिशवर झाकण, वरून अॅल्युमिनियम फॉइल. खोलीच्या तापमानाला ४५ मिनिटं ते तास. जेवून येईपर्यंत राहू दे म्हणून दोन-तीन तास ठेवलं की बॅकग्राउंड वाढतं. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत थेंब कडेने सुकायला लागतो. एकदा सुकलं की त्या कडेला जे चमकतं ते धुऊन जात नाही. टिश्यू चांगला ओला ठेवा.

कव्हरस्लिप काढताना ओढू नका. तिच्या कडेला थोडं पीबीएस सोडा, ती तरंगून वर येते, मग चिमटा लावा. पेशी शाबूत राहतात. पाच-पाच मिनिटांचे तीन वॉश, त्यातल्या दुसऱ्यात डॅपी. शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, नाहीतर पीबीएसमधल्या मिठाचे स्फटिक दिसतात. माउंटिंग मीडियम कठीण होणारं असेल तर सपाट जागी, अंधारात २४ तास ठेवा. न सुकणारं असेल तर कडा नेलपॉलिशने बंद करून तेही पूर्ण वाळू द्या. ओल्या नेलपॉलिशची स्लाइड ऑइल भिंगाखाली आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

या स्लाइडी असल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका

बारा कव्हरस्लिपांमधल्या चार कंट्रोलसाठी, म्हणजे तुलनेसाठी, राखून ठेवा. एक अजिबात न रंगवलेली. एक फक्त दोन्ही सेकंडरी घातलेली, प्रायमरीशिवाय. मग एकीवर फक्त उंदराची प्रायमरी आणि दोन्ही सेकंडरी. दुसरीवर फक्त सशाची प्रायमरी आणि दोन्ही सेकंडरी. या शेवटच्या दोन स्लाइडी सर्वात जास्त सांगतात आणि नेमक्या त्याच कुणी करत नाही. फक्त ट्यूब्युलिनची प्रायमरी असताना ४८८ च्या चॅनलमध्ये धागे दिसले, तर एकतर अँटी-रॅबिट उंदराला धरतेय किंवा रंग गळतोय. लेझर ६४० बंद करूनही ४८८ मध्ये धागे तसेच राहिले आणि गळतीला जागाच नाही अशी रंगांची जोडी असेल, तर दोष क्रॉस-रिअॅक्शनचा.

यंत्रावर आधी सगळ्यात उजळ खरी स्लाइड ठेवा. एकही पिक्सेल संपृक्त होणार नाही असं लेझर आणि गेन लावा आणि मग त्या आकड्यांना हात लावू नका. त्याच सेटिंगवर कंट्रोल बघा. ऑटो-एक्स्पोजर आणि ऑटो-कॉन्ट्रास्ट दोन्ही बंद. सॉफ्टवेअर रिकाम्या चित्रालाही ताणून ताणून उजळ दाखवतं, आणि सेकंडरी-ओन्ली स्लाइड खऱ्याइतकीच सुंदर दिसायला लागते. १२ बिटच्या चित्रात ० ते ४०९५ आकडे असतात. पिक्सेलवर कर्सर नेऊन आकडा वाचा. खऱ्या स्लाइडवर २८०० आणि कंट्रोलवर १५० असेल तर निश्चिंत व्हा. २८०० आणि ११०० असेल तर सेकंडरी १:१००० करून पुन्हा रंगवा. प्रायमरीचं प्रमाण वाढवायची घाई नको.

सेकंडरी-ओन्ली स्वच्छ आली म्हणजे प्रायमरी बरोबर आहे असंही समजू नका. प्रायमरी चुकीच्या प्रथिनाला चिकटत असेल तर सेकंडरी ते इमानाने दाखवते. त्यासाठी ते प्रथिन काढून टाकलेल्या (नॉकआउट) किंवा कमी केलेल्या (नॉकडाउन) पेशी लागतात, तो वेगळा विषय.

व्हायली ४ अंशांवर, अंधारात, फ्रीजच्या दारात नाही तर आतल्या फळीवर ठेवा. दारातलं तापमान सतत खालीवर होतं. द्रवरूप सेकंडरी परत परत गोठवू नका. टिकण्यासाठी तिच्यात सोडियम अझाइड असतं, म्हणून जिवंत पेशींवर ती तशीच टाकता येत नाही. उरलेलं मूळ द्रव सिंकमध्येही ओतू नका. तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत अझाइडचे स्फोटक क्षार साठू शकतात.

वहीत कॅटलॉग नंबरासोबत लॉट नंबरही लिहा. पॉलिक्लोनल सेकंडरी दर लॉटला थोडी बदलते. जुनी व्हायल संपत आली की नवी मागवा, जुनीत शेवटचे दहा मायक्रोलिटर शिल्लक असतानाच दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटमधल्या पेशींवर, १:२५०, १:५०० आणि १:१००० अशा प्रमाणांत लावून बघा, आणि जो आकडा जुन्याशी जुळेल तो नव्या व्हायलवर लिहून ठेवा.